सुरतेत कुत्र्या-मांजराला डॉक्टरकडे नेताना

जनावरांचं दवापाणी सुरतेला नवं नाही. जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पादरी १६८९ मध्ये विलायतेतून निघून इथं आला होता. १६९६ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात म्हाताऱ्या-लंगड्या गाई, घोडे, शेळ्या, कुत्रे यांच्यासाठी इथल्या बनियांनी चालवलेल्या रुग्णालयाची हकिगत आहे. शेजारीच ढेकूण-पिसवांची सोय होती आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून एका गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेवर झोपवत, असंही तो लिहितो. आजच्या कुत्रेमालकाला गोचिडांची एवढी सरबराई परवडणार नाही. घोडदोड रोडची पांजरापोळ अजून आहे, पण तुमच्या लॅब्रेडॉरला ताप आला की गाठायचा तो खासगी दवाखाना.

त्या दवाखान्यांबद्दल उधना-लिंबायतच्या मराठी घरांत कान दिला तर तक्रारी ठरलेल्या असतात. ‘दोन मिनिटांत सुई टोचली’, ‘आल्या-आल्या रक्त काढलं’, ‘हजारांत बिल झालं आणि आजार काय ते सांगितलंच नाही.’ यातल्या बऱ्याच खऱ्याही असतात. पण पेशंट मुका आहे. त्याच्या वतीनं बोलायचं आपल्याला, आणि आपण म्हणतो काय, तर ‘कालपासून कसंतरीच करतोय.’ एवढ्यावर डॉक्टरांनी रक्त काढलं नाही तर करावं काय? पुढची सगळी कृती या एका वाक्याच्या जागी चांगलं वाक्य तयार करण्यासाठी आहे.

१. जनावर धडधाकट असताना

डॉक्टर शोधायचा तो आजारपणाआधी. लशीच्या निमित्तानं जा आणि नुसतं बघा. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का, टेबल दर जनावरानंतर पुसतात का, मांजराची टोपली ठेवायला कुत्र्यांपासून लांब कोपरा आहे का? एक्स-रे, सोनोग्राफी तिथंच होते की बाहेर जावं लागतं? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे रात्री अकरा वाजता फोन कोण उचलतो, हे तोंडावर विचारा. अडचण वाटायचं कारण नाही. उत्तर ‘आम्ही नाही, पण अमक्या ठिकाणी जा’ असं आलं तरी ते प्रामाणिक उत्तर आहे.

अंतराचाही हिशेब करा. डिंडोली-लिंबायतहून संध्याकाळी सातला अडाजण गाठायचं म्हणजे आधी रेल्वे ओलांडायची, मग गावातली गर्दी, मग तापीवरचा पूल. वर्षाच्या लशीसाठी हे चालेल. धाप लागलेल्या कुत्र्यासाठी घराजवळचा साधा दवाखानाही हेरून ठेवा.

लशीची गोष्ट इथंच उरकू. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं चार महिन्यांचं होईपर्यंत पुढचे डोस. रेबीजची तीन महिन्यांचं झाल्यावर आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. दक्षिण गुजरातमध्ये एक प्रश्न जास्तीचा विचारायचा, ‘यात लेप्टोस्पायरोसिस आहे ना?’ सुरत, नवसारी, वलसाडच्या भात-उसाच्या पट्ट्यात हा आजार पावसाळ्यात माणसांनाही होतो. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो पसरतो. साचलेल्या पाण्यातून फिरून येणाऱ्या कुत्र्याला ही लस हवीच, आणि तिचा असर दीर्घकाळ टिकत नसल्यानं ती दरवर्षी घ्यावी लागते.

२. घरी पाहायचं ते

आजारी वाटलं की लगेच रिक्षा बोलावू नका, आधी पाच मिनिटं बसून बघा. (दम कोंडला असेल, रक्त वाहत असेल, फिट येत असेल तर मात्र उठाच.)

वरचा ओठ हलकेच उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर हवी. बोटानं दाबून सोडा. पांढरा ठिपका उमटतो आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. त्याला वेळ लागला, हिरडी पांढुरकी, पिवळट किंवा विटेसारखी लाल दिसली, तर वाट बघायची नाही. काळ्या हिरड्यांचा कुत्रा असेल तर खालच्या पापणीची आतली बाजू पाहा.

मग ताप. नाक गरम आहे की गार, यावरून काहीही कळत नाही. नाकावरून ताप ओळखता येतो हा समज मात्र सगळ्या जातीधर्मांत सारखाच पक्का आहे. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलिन लावा, एकानं डोकं धरा, दुसऱ्यानं शेपूट उचलून ते गुदद्वारात इंचभर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. म्हणजे आपला ताप तो त्याचा नॉर्मल. झोपेत छाती मिनिटाला किती वेळा वर-खाली होते तेही मोजा. तिशीच्या वर सारखी जात असेल तर लिहून ठेवा.

कान, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी चाचपा. गोचीड सापडली तर डॉक्टरांना सांगायची ती पहिली गोष्ट. गोचिडीच्या तापात कुत्रा सुस्तावतो, खाणं टाकतो, हिरड्या फिक्या पडतात, काही वेळा लघवी चहासारखी काळपट होते. अशा वेळी रक्ततपासणी म्हणजे लुबाडणूक नव्हे. नेमका कुठला जंतू आहे यावर औषध बदलतं.

आणि मोबाईल वापरा. उलटीचा फोटो, शीचा फोटो, लंगडण्याचा, खोकल्याचा, फिटचा व्हिडिओ. घरी तीन पायांवर चालणारा कुत्रा दवाखान्याच्या दारात इतर कुत्र्यांचा वास आला की चारही पाय टेकून उभा राहतो आणि आपण खोटे पडतो.

३. फोन

‘साहेब, खातच नाही’ असं नको. असं सांगा: ‘डॉक्टरसाहेब, चार वर्षांची मादी, सव्वीस किलो. काल रात्रीपासून तीन उलट्या, शेवटची पिवळी. पाणी पिते, खात नाही. ताप १०३.८. काल जिलेबी खाल्ली. लशी झाल्यात, नसबंदी नाही.’ जिलेबी लपवायची नाही. शाकाहारी घरातला कुत्रा शेजारच्या टपरीवर काय खातो, तेही डॉक्टरांना कळू द्या. ते तुमच्या आईला सांगायला येणार नाहीत. मादी असेल तर शेवटची पाळी केव्हा आली तेही सांगा. पाळीनंतर महिना-दोन महिन्यांत सारखं पाणी पिणं आणि सुस्ती दिसली तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ते थांबणारं दुखणं नाही.

४. नेताना

मांजराची टोपली पेट्यांच्या माळ्यावरून फक्त आजारपणात खाली आली तर ती मांजराला शत्रूच वाटणार. ती कायम उघडी, आत जुनी चादर टाकून घरातच ठेवा. रिक्षात कुत्रा सीटवर नको, पायाशी, पट्टा आखूड धरून. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच पग आणि शिट्झू यांना बाहेर काढू नका. हस्की पाळणाऱ्या सुरतकरांना काय सांगावं, मला सुचत नाही. ऊन लागून कुत्रा धापा टाकत कोसळला तर नळाचं साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि भिजलेल्या अंगानंच न्या.

५. टेबलापाशी

‘आमचा चावत नाही’ हे वाक्य घरी ठेवून जा. दुखरा कुत्रा कुणालाही चावतो. उलट ‘डावा कान दुखतोय, तिथं हात लावू देत नाही’ असं सांगा. तोंडाला बांधायची जाळी नसेल तर बँडेजची लांब पट्टी घ्या, सैल फासा नाकाडावर सरकवा, हनुवटीखाली तिढा द्या आणि दोन्ही टोकं कानांमागे बांधा. पण उलट्या होणाऱ्या, धाप लागलेल्या किंवा चपट्या नाकाच्या कुत्र्याला हे कधीही बांधू नका. दात किंवा नख लागलंच, तुम्हाला किंवा कंपाउंडरला, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जा.

तपासणी झाली की चार प्रश्न विचारा. तुम्हाला काय वाटतंय? ही टेस्ट केली तर उपचारात काय बदलेल? अंदाजे खर्च किती? आणि काय दिसलं तर उद्याची वाट न बघता परत यायचं? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि रात्रीच्या अर्ध्या धावपळीचं मूळ त्यात असतं. पैशाची मर्यादा असेल तर सरळ सांगा. चांगला डॉक्टर तेवढ्यात काय बसतं ते सांगतो. टोचलेल्या इंजेक्शनचं नाव आणि गोळ्यांचं नाव कागदावर मागा. नाव नसलेली पुडी घेऊन निघू नका, कारण दुसऱ्या डॉक्टरला तिच्यातून काहीही कळणार नाही.

६. परतल्यावर

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावायचा नाही. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि किडनी बिघडवतं. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे परमेथ्रिनचे थेंब मांजराला टाकले तर झटके येतात. मांजराला कॅप्सूल दिली की मागोमाग सिरिंजनं थोडं पाणी द्या, नाहीतर ती घशाखाली अन्ननलिकेत अडकून तिथं जखम होते. बोका वारंवार लघवीला बसतोय आणि थेंब येत नाही, हे बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारे लोक मला माहीत आहेत. लघवीचा मार्ग बंद झालेला असतो. रात्र असो वा दिवस, लगेच न्या.

७. रस्त्यावरचं जनावर, उत्तरायणातला पक्षी

आपलं नसलेलं, वाहनाखाली आलेलं कुत्रं दिसलं तर गुजरातमध्ये १९६२ वर फोन करा. ती करुणा अ‍ॅनिमल अ‍ॅम्ब्युलन्सची हेल्पलाइन आहे. उत्तरायणात पतंगाच्या मांजानं कापलेला पक्षी सापडला तर मांजा ओढून काढू नका, बाहेरचं टोक कात्रीनं कापा. पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी, दूध काही घालू नका.

शेवटी पुन्हा आपल्या जनावराकडे. उपचारावर विश्वास बसत नसेल तर भांडणाआधी केसपेपर, रिपोर्ट आणि एक्स-रे मागून घ्या. तक्रारीला राज्याची पशुवैद्यक परिषद आहे, ग्राहक आयोगही आहे. पण जनावर अजून आजारी असेल तर आधी दुसरं मत घ्या. नवसारीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय रस्त्यानं तासाभरावर आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, सोबत सगळे कागद घ्या आणि भूल द्यायची शक्यता असेल तर उपाशी आणायचं का तेही विचारून घ्या.