सही करायच्या आधी मला कागद दाखव

अगं, फोन उचलल्या उचलल्या तुझ्या आवाजावरून कळलं मला. पोरगं फुटबॉलच्या ट्रायलमध्ये निवडलं गेलं. राहणं-खाणं, बूट, शाळेची फी, सगळं क्लब बघणार. आणि आमचे जावईबापू म्हणतायत, "फुकट कोण देतं? काहीतरी गडबड असणार." गडबड नाही गं. पण फुकटही नाही. जन्मभर दुसऱ्यांची खाती तपासली मी, तेव्हा यातला हिशेब तरी तुला समजावून देते.

मेस्सीचं नाव तुमच्या घरात रोज निघत असणार, तिथूनच सुरुवात करू. अर्जेंटिनातल्या रोझारियोचं तेरा वर्षांचं पोर, उंची खुंटलेली, रोजच्या इंजेक्शनांचा खर्च घरच्यांना जड जायला लागलेला. बार्सिलोनाने तो उचलला. घरच्यांचा धीर सुटत आला तेव्हा, डिसेंबर २००० मध्ये, क्लबच्या कार्लेस रेशाकने चक्क कागदी रुमालावर शब्द लिहून दिला. तो रुमाल २०२४ मध्ये लिलावात साडेसात लाख पौंडांच्या वर गेला! आणि मेस्सी स्वतः? २०२१ मध्ये गेला तेव्हा त्याचा करार संपला होता, विक्रीचा छदामही क्लबच्या हाती आला नाही. पण त्याआधी सतरा हंगाम आणि ६७२ गोल देऊन गेला होता. इंजेक्शनांचे पैसे कधीच फिटले होते.

दुसरी तऱ्हा ॲमस्टरडॅमच्या आयाक्सची. पोरं घडवायची, खेळवायची आणि भाव आला की विकायची, हे ते उघडपणे करतात. मॅथाइस द लिख्त नऊ वर्षांचा असताना तिथे आला, कोवळ्या वयात कप्तान झाला आणि २०१९ मध्ये युव्हेंटसने त्याच्यासाठी साडेसात कोटी युरो मोजले. आपल्या रुपयांत पाचशे कोटींच्या पुढे. दहा वर्षांच्या जेवणखाण-प्रशिक्षणाला किती लागले असतील, तूच अंदाज कर.

यात खातेवहीची एक मेख आहे, आणि मला तीच सगळ्यात आवडते. विकत आणलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटून लिहितात, आपण यंत्राचा घसारा लिहितो ना, तशी. घरच्या पोराची खरेदी-किंमत मात्र जवळजवळ शून्य. म्हणून तो विकला की आलेली बहुतेक रक्कम सरळ नफ्यात. चेल्सीने सहाव्या वर्षापासून वाढवलेला मेसन माउंट २०२३ मध्ये साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला दिला, त्यामागे हेही गणित होतं. खर्चाच्या मर्यादा पाळायच्या असतात ना क्लबांना. शिवाय युरोपातल्या स्पर्धांत पंचवीस जणांच्या यादीत आठ जागा त्या देशात घडलेल्यांसाठी असतात, त्यातल्या चार स्वतःच्या क्लबात घडलेल्यांसाठी.

पण सगळ्यांनाच हे परवडतं असं समजू नकोस. लंडनच्या ब्रेंटफर्डने २०१६ मध्ये आपली अकादमी चक्क बंद केली. पोर जरा चमकलं की मोठा क्लब किरकोळ भरपाई देऊन घेऊन जायचा. मेहनत यांची, पीक त्यांच्या कोठारात. पुढे काही वर्षांनी त्यांनी ती पुन्हा सुरू केली, तो भाग वेगळा.

आता नीट ऐक. क्लब पोरं घेतो ती पेरणीसारखी. बरीचशी उगवणार नाहीत हे धरूनच घेतो. एकदोन तरली की बाकीच्यांचा खर्च निघतो. यात लबाडी काही नाही. पण तुझ्याकडे पेरायला एकच दाणा आहे, बाई. म्हणून क्लबचा आनंद बघून आपला हिशेब करू नकोस.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, हे मला माहीत आहे. जावईबापूंनाही तेच ऐकव. पण पेठेतल्या तालमींतून किती पोरं तितकीच चांगली खेळली आणि आज दुकानात बसलीत, तेही आपण बघितलंय.

तेव्हा क्लबवाल्यांना विचार: शाळा कुठली, दहावीच्या वर्षी सराव किती तास, गुडघा गेला तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, मधेच "नको" म्हणाले तर वर्ष वाया जाणार का. लाजू नकोस, लग्नाच्या बैठकीत याहून बारीक विचारतो आपण. अठराच्या आतल्या पोराशी तीन वर्षांहून मोठा व्यावसायिक करार फिफाच्या नियमात बसत नाही, आणि काही अपवाद सोडले तर परदेशी क्लबातही नेता येत नाही. कुणी एजंट "दुबईमार्गे युरोप" म्हणत आला तर चहा पाज आणि वाटेला लाव.

फेडरेशनकडे नोंदणी झाली का, तेही बघ. पुढेमागे तो परदेशी विकला गेला, तर रकमेतले पाच टक्के तो बारा ते तेवीस वयात जिथे जिथे घडला त्या क्लबांत वाटले जातात. नोंदच नसेल तर त्याला पहिला चेंडू देणाऱ्यांच्या हाती काही लागायचं नाही.

त्याला आज यातलं काही सांगू नकोस. नाचू दे. कागदांचे फोटो मात्र रात्रीच पाठव, शेवटच्या पानासकट. घराच्या कराराच्या वेळी नेमकं तेच गाळलं होतंस तू.