नाशयादीवर सही करण्यापूर्वी

ज्या माणसाने आयुष्याची 31 वर्षे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात काढली, कोणता कागद कोणत्या रुमालात आणि कोणता रुमाल कोणत्या मांडणीवर आहे हे जो डोळे मिटून सांगत असे, आणि ज्याच्या अमदानीत नाशयादीवर वरिष्ठांची सही झाल्याखेरीज कागदाचा कपटासुद्धा दाराबाहेर गेला नाही, त्याच माणसाने सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या घराण्याच्या दस्तऐवजांची 63 छायाचित्रे अंगठ्याच्या दोन दाबांनी नाहीशी करावीत, ही गोष्ट सांगताना आजही माझी मान खाली जाते. तरीही सांगतो, कारण माझ्या वयाच्या अनेकांच्या हाती हाच फोन आहे, त्यात हेच उपयोजन आहे, आणि माझा जो गैरसमज झाला तो त्यांचाही होण्याजोगा आहे.

छायाचित्रांची हकिकत अशी. सांगलीच्या गावभागातील आमच्या वडिलोपार्जित घरात एक शिसवी पेटी होती आणि तीत आजोबांच्या वेळचे खरेदीखत, काही मोडी पत्रे, वाटणीचा कागद व वडिलांनी स्वहस्ते लिहिलेली वंशावळ असा ऐवज होता. वारसनोंदीच्या कामासाठी पुतण्याने 2018 च्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्या सर्वांची छायाचित्रे काढली आणि व्हॉट्सॲपवरून मला पाठविली. काही त्याच्या फोनातून, काही वहिनींच्या. पुढे 2019 च्या ऑगस्टात कृष्णेला तो महापूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेले, आणि आमच्या पेटीतून जे बाहेर निघाले त्याला कागद म्हणण्यापेक्षा लगदा म्हणणेच रास्त ठरले असते. तेव्हापासून अस्सल असे काही उरले नाही; जे काय होते ते माझ्या फोनात होते.

2022 च्या ऑक्टोबरात फोनने जागा संपल्याची ताकीद देण्यास आरंभ केला. गूगलचे ‘फाइल्स’ नावाचे उपयोजन फोनात आधीपासूनच होते (2017 च्या डिसेंबरात ते ‘फाइल्स गो’ या नावाने निघाले, तेही मुख्यतः कमी जागेच्या फोनांसाठी), परंतु मी ते कधी उघडले नव्हते. उघडताच ‘इमेजेस’, ‘व्हिडिओज’, ‘डॉक्युमेंट्स’ असे सुबक रकाने दिसले, आणि ‘इमेजेस’मध्ये पाहतो तो पेटीतील कागदांची तीच छायाचित्रे! ती मी व्हॉट्सॲपमध्ये पाहिली होती, गॅलरीत पाहिली होती, आता येथे तिसऱ्यांदा पाहत होतो. तेव्हा एका कागदाच्या तीन प्रती तीन ठिकाणी पडून आहेत आणि त्यांपैकी एक काढून टाकणे म्हणजे केवळ टापटीप होय, असा निष्कर्ष मी ज्या आत्मविश्वासाने काढला तो आत्मविश्वास केवळ जुन्या कारकुनापाशीच असू शकतो. मी सर्व निवडली व ‘डिलीट’ दाबले. जागा मात्र वाढेना. शोध करता कळले की काढलेले सर्व ‘ट्रॅश’मध्ये जाऊन बसले आहे व तेथेही तितकीच जागा अडवीत आहे, मग तीही पेटी मी स्वहस्ते रिकामी केली. जानेवारीत वकिलांनी वाटणीचा कागद मागितला तेव्हा व्हॉट्सॲपमधील त्या संभाषणात धूसर ठिपक्यांपलीकडे काही नव्हते आणि दाबले की ही फाइल आता फोनात नाही, पाठविणाऱ्याकडून पुन्हा मागवावी, एवढेच उत्तर मिळे.

माझी चूक कोठे झाली, हे कचेरीच्या भाषेत सांगतो. अभिलेख कक्षात एक फेरिस्त असते आणि एक मांडणी असते. एकच प्रकरण फेरिस्तीत गावाच्या नावाखाली, पक्षकाराच्या नावाखाली आणि सालाखाली असे तीन ठिकाणी नोंदलेले असू शकते, पण मांडणीवर रुमाल एकच असतो. फोनातील ते रंगीत रकाने म्हणजे फेरिस्त होय. मांडणी खाली, ‘इंटर्नल स्टोरेज’ या नावाआड असते. फरक इतकाच, आणि तो जीवघेणा, की कचेरीत फेरिस्तीतील ओळ खोडली तर रुमाल जागेवरच राहतो, येथे ओळ खोडली की रुमाल जळतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर अद्याप रुमालांत बांधलेले आहे आणि त्यातून रियासतकार सरदेसायांनी निवडक कागदांचे 45 खंड सिद्ध केले, ते प्रत्येक कागदाचे ठिकाण ठरलेले होते म्हणून.

मुदतीचाही विचार करण्याजोगा आहे. शासकीय कागदांचे आम्ही वर्ग पाडीत असू. ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘क’ 10 वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाने नष्ट करावयाचा. या उपयोजनात ट्रॅशमधील वस्तूला 30 दिवसांची मुदत आहे. खरेदीखत असो की कोणी धाडलेले ‘शुभ प्रभात’चे फूल असो, दोघांनाही 30 दिवसच, वर्ग पाडण्याचे काम यंत्र करीत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. साफसफाईच्या सूचनांत ते ‘मोठ्या फाइली’, ‘जुने स्क्रीनशॉट’ असे गट आपल्यापुढे मांडते खरे, पण ती शिफारस आहे, हुकूम नव्हे.

आता जे परत मिळाले त्याविषयी. पुतण्याने आपला जुना फोन कपाटाच्या खणातून काढून चार्ज केला, गॅलरी उघडली आणि ‘काका, यात काहीच नाही’ असा निरोप दिला. दोन दिवसांनी मला सुचले की गॅलरी म्हणजे पुन्हा फेरिस्तच. मांडणीवर जाऊन पाहिले पाहिजे. मी त्याला फाइल्स उघडून रकान्यांत न शिरता इंटर्नल स्टोरेज, मग व्हॉट्सॲप, मग मीडिया, मग व्हॉट्सॲप इमेजेस आणि त्यात ‘सेंट’ या फोल्डरापर्यंत एकेक पायरी जाण्यास सांगितले. (अलीकडच्या फोनांत हाच व्हॉट्सॲपचा फोल्डर आधी ‘अँड्रॉइड’ व मग ‘मीडिया’ या फोल्डरांच्या पोटात सापडतो, आणि व्हॉट्सॲप काढून टाकल्यास तोही त्याच्याबरोबर जातो, हे ध्यानात असावे.) आपण जे छायाचित्र दुसऱ्यास धाडतो त्याची एक प्रत तेथे राहते, पण त्या फोल्डरात ‘नोमीडिया’ नावाची एक अदृश्य फाइल ठेवलेली असल्यामुळे गॅलरी त्याच्याकडे पाहतच नाही. ‘आयएमजी-20181110-डब्ल्यूए’ या नावाने आरंभ होणारी 46 छायाचित्रे तेथे निमूट पडून होती. नावातच तारीख असल्यामुळे ओळख पटविण्यास क्षणही लागला नाही. मात्र छायाचित्र म्हणून पाठविताना व्हॉट्सॲप त्याचा आकार घटविते, म्हणून मोडी अक्षरांचे बारीक वळण काही ठिकाणी विरघळून गेले आहे. तीच छायाचित्रे ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविली असती तर जशीच्या तशी आली असती.

ज्यांना हे उपयोजन वापरावयाचे आहे त्यांनी प्रथम आपल्या फोनात जे आहे तेच वापरावे. अँड्रॉइडच्या बहुतेक फोनांत असे एखादे असतेच, आणि आयफोनात 2017 पासून ॲपलचे स्वतःचे ‘फाइल्स’ आहे. जाहिरात पाहून भलतेच उतरवून घेण्याचा मोह मलाही झाला होता. त्या इसमाने प्रारंभीच माझे संपर्क, संदेश व ठावठिकाणा या तिन्हींची परवानगी मागितली तेव्हा मी त्यास दारातूनच परत लावले. ‘सर्व फाइली पाहण्याची परवानगी’ अँड्रॉइड 11 पासून स्वतंत्रपणे द्यावी लागते आणि फाइलींची व्यवस्था पाहणाऱ्याने ती मागणे समजण्याजोगे आहे. पण दप्तर लावणाऱ्याला माझ्या सोयऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक कशाला?

त्यानंतर मांडणी लावावी. मी इंटर्नल स्टोरेजमध्ये ‘01 जमीन’, ‘02 निवृत्तिवेतन’, ‘03 औषधोपचार’, ‘04 घराणे’ असे फोल्डर केले आहेत. क्रमांकापूर्वी शून्य लिहिले की पुढे दहावा फोल्डर झाला तरी क्रम बिघडत नाही. सातबाऱ्याचा उतारा, हयातीचा दाखला वगैरे जे जे येईल त्याचे नाव साल, महिना, दिवस या क्रमाने आरंभ करावे. मग तारखेप्रमाणे ते आपोआप रांगेत उभे राहते. व्हॉट्सॲपच्या फोल्डरात महत्त्वाचा कागद ठेवणे म्हणजे टपाल बटवड्याच्या टेबलावरच सोडून घरी जाणे होय. तेथून तो आपल्या फोल्डरात न्यावा, आणि नेताना ‘मूव्ह’ न करता ‘कॉपी’ करावा, नवी प्रत उघडून शेवटच्या पानापर्यंत रुजुवात घ्यावी, व मगच जुनी काढावी. वेळ थोडा अधिक जातो. जाऊ द्यावा.

कुलुपांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ‘सेफ फोल्डर’ची सोय चांगली असली तरी तिचा पिन विसरला तर आतील कागद मालकालाही मिळत नाही, आणि सत्तरीत विसरणे हा अपवाद नसून शिरस्ता असतो. मेमरी कार्डाचे तर याहून वाईट. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी कार्ड घालताना ते फोनच्याच साठवणुकीचा भाग म्हणून वापरण्याचा पर्याय निवडला. तसे केले की त्यावरील मजकूर सांकेतिक होतो आणि त्याची किल्ली त्याच फोनात राहते. फोन मेला, कार्ड जिवंत राहिले, आणि ते आता दुसऱ्या कोणत्याही यंत्रास वाचता येत नाही. कार्ड ‘पोर्टेबल’ म्हणूनच ठेवावे. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती निराळ्या घरी, शक्य तर निराळ्या गावी ठेवावी. पुराला पत्ता विचारावा लागत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी फोनाची सफाई करतो, ती पूर्वीच्या पद्धतीने. जे काढावयाचे त्याची यादी आधी वहीत लिहितो, प्रत्येकाचे मूळ ठिकाण ‘फाइल इन्फो’ उघडून पाहतो, एक रात्र जाऊ देतो, सकाळी यादीखाली स्वतःच सही करतो. घरातील मुले हसतात. हसोत.

63 पैकी 17 छायाचित्रे अद्याप मिळालेली नाहीत. ती वहिनींच्या फोनातून आली होती आणि तो फोन नव्याच्या बदल्यात दुकानदाराकडे गेला. त्यांत वंशावळीची दोन पाने आहेत. 2018 च्या त्या दिवाळीत आमच्या भाऊबंदांपैकी कोणास ती पुढे धाडली गेली असतील आणि कोणाच्या खणात जुना फोन पडून असेल, तर त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा चार्ज करून पाहावा, आणि सापडल्यास ती मजकडे पाठवावीत. मात्र छायाचित्र म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून.