आल्प्समध्ये विंटररूमचा मुक्काम

प्रश्न : मी नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. मार्चमध्ये मित्रासोबत ऑस्ट्रियातल्या आल्प्समध्ये, व्यवस्थापक नसलेल्या निवाऱ्यात एक रात्र राहायचा विचार आहे. सह्याद्रीत गडांवर मुक्काम केले आहेत. काय तयारी करावी?

उत्तर : गडावरच्या गुहेत झोपण्याची सवय कामी येईल, पण इथे गाठ बर्फाशी आहे. हंगाम संपला की अल्पाइन क्लबच्या अनेक हट बंद होतात आणि गिर्यारोहकांसाठी फक्त विंटररूम, म्हणजे व्यवस्थापक नसलेली हिवाळी खोली, ठेवली जाते. तिथे सहसा गाद्या, ब्लँकेट आणि लाकडावर चालणारी शेगडी असते; नळाला पाणी नसते. बर्फ वितळवूनच प्यावे लागते. पातेलंभर बर्फातून जेमतेम पेलाभर पाणी निघते, तेव्हा इंधनात काटकसर नको. काही खोल्यांना कुलूप असते. त्याची चावी क्लबच्या सदस्यांना शाखेतून मिळते. आधी चौकशी करा.

शेगडी पेटवण्यापूर्वी धुराड्यावर बर्फ साचलेला नाही ना, ते पाहा. खिडकी थोडी उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. राख धातूच्या बादलीतच काढा. पोहोचताच तिथल्या नोंदवहीत नावे आणि पुढचा मार्ग लिहा. शोधपथक आधी तीच वही उघडते. निघताना खोली झाडा, मुक्कामाचे पैसे भरा, कचरा खाली आणा.

ऑस्ट्रियात पर्वतीय बचावाचा क्रमांक 140 आहे. हिमस्खलनाचा धोका 5 पैकी 3 किंवा जास्त असेल आणि बर्फावरचा अनुभव नसेल, तर बेत सरळ पुढे ढकला.