मुका मार आणि ढोल-ताशांचे दिवस

डोके आपटल्याने किंवा मानेला जोराचा हिसका बसल्याने मेंदूला जो हादरा बसतो, त्याला कन्कशन म्हणतात. बाहेर जखम नसते आणि सीटी स्कॅनमध्येही बहुधा काही आढळत नाही. त्यामुळे 'मुका मार आहे, बरा होईल' म्हणून तो सोडून दिला जातो. डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा यांच्याबरोबर आवाज सहन न होणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. कान बहुधा शाबूत असतात; नको तो आवाज मागे सारण्याचे मेंदूचे काम मंदावलेले असते. त्यामुळे कुकरची शिट्टी, पडलेले भांडे, शेजारचा टीव्ही सारख्याच जोराने अंगावर येतात.

मुंबईच्या लालबाग-परळ, दादर, गिरगाव या भागांत या दुखण्याची वेळ अडचणीची असते. गोपाळकाल्याला थरांवरून पडलेले गोविंदा दरवर्षी केईएम, नायर अशा रुग्णालयांत आणले जातात. प्रौढांची लक्षणे बहुतेक वेळा दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. पण गोपाळकाल्यानंतर गणेश चतुर्थी जेमतेम दहा-अकरा दिवसांवर असते आणि पुढे अनंत चतुर्दशीपर्यंत ढोल-ताशे थांबत नाहीत. मेंदूला शांतता हवी असते नेमक्या त्याच दिवसांत परळच्या कार्यशाळांतून आगमनाच्या मिरवणुका निघत असतात.

प्रस्तुत लेखक लालबागच्या चाळीत राहणारा. काल्याच्या दिवशी तिसऱ्या थरावरून पडलेला. त्याच्या हातून दोन चुका झाल्या. चौथ्या दिवशी तो आगमनाला गेला आणि ताशाजवळ अर्धा तास उभा राहिला. पुढचे तीन दिवस अंथरुणात गेले. मग धास्तीने त्याने दुसरे टोक गाठले: खिडक्या बंद आणि दिवसरात्र कानांत इअरप्लग. आठवड्याभरात शेजारच्या दाराची कडीही सोसवेना. कानावर पुरेसा आवाज पडला नाही, तर मेंदू आपली संवेदनक्षमता वाढवतो. मग साधा आवाजही मोठा वाटू लागतो.

म्हणून पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यावी, मोबाइल कमीत कमी पाहावा आणि त्यानंतर हळूहळू हालचाल व आवाज वाढवावा. आधी पंख्याचा संथ आवाज, मग एकाच माणसाशी बोलणे, मग चाळीच्या गॅलरीत पंधरा मिनिटे, मग भल्या सकाळी शिवाजी पार्कचा फेरा. दादर स्टेशनचा पूल आणि रानडे रोडची संध्याकाळची गर्दी सर्वांत शेवटी. त्रासाला दहापैकी गुण द्यावेत. तो दोन गुणांपर्यंत वाढून तासाभरात उतरला, तर चालते. त्याहून वाढला, तर एक पायरी मागे यावे. इअरप्लग मिरवणूक, लोकल, उड्डाणपुलाखालचा रस्ता एवढ्यापुरतेच वापरावेत आणि घरी आल्यावर काढावेत.

हे दुखणे दिसत नसल्याने सांगावे लागते. मिक्सर लावण्याआधी हाक द्यावी, आरतीच्या वेळी झांजा जरा लांब वाजवाव्यात, एवढे घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवावे. मंडपाशेजारी घर असेल, तर गणपतीचे दहा दिवस नातेवाइकांकडे काढणे उत्तम.

कायद्याचा आधारही आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तर रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते; सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ती बारापर्यंत शिथिल करू शकते. तक्रार पोलिसांकडे ११२ क्रमांकावर करता येते.

वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, न उतरणारी गुंगी, अडखळते बोलणे, हातापायांतली कमजोरी, कानानाकातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी लक्षणांची वाट पाहू नये. चार आठवड्यांनंतरही आवाज सोसत नसेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून श्रवणचाचणी करून घ्यावी.

डॉक्टर होकार देईपर्यंत थरावर चढू नये. पहिला हादरा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार जिवावर बेतू शकतो.