यादृच्छिक वाटप : लिफाफा ते स्क्रिप्ट

पदव्युत्तर शिक्षणकाळी अतिसाराच्या बालकांवरील एका अभ्यासात आम्ही सम-विषम तारखांनुसार औषध ठरवीत असू. एका रात्री अत्यवस्थ बाळ आले. सलाईन तत्काळ लावले. परंतु दुसऱ्या दिवशीची सम तारीख नव्या औषधाची, हे ठाऊक असल्याने अभ्यासातील नोंद मी मध्यरात्रीनंतर केली. हेतू दयेचा होता, तुलना मात्र तेथेच बिघडली.

ही पळवाट ब्रॅडफर्ड हिल यांनी कधीच बुजविली होती. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत यादृच्छिक अंकांवरून ठरलेले वाटप बंद लिफाफ्यांत होते. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन घेणाऱ्या ५५ क्षयरुग्णांपैकी ४ दगावले. केवळ विश्रांतीवरील ५२ पैकी १४.

आज संगणकावरील लहानशी स्क्रिप्ट ही यादी क्षणात देते. चार रुग्णांच्या गटात दोन ‘अ’ व दोन ‘ब’ यांच्या सहाच मांडण्या संभवतात. स्क्रिप्ट त्यांतील एकेक उचलते. पण तिघांचे उपचार कळले की चौथ्याचा उघडच होतो. म्हणून गटाचा आकारही बदलता ठेवावा. शिवाय तीच स्क्रिप्ट त्याच बीजांकाने चालविली, तर यादी हुबेहूब तीच येते. पडताळणीसाठी बीजांक जपावा, परंतु बालकांना अभ्यासात घेणाऱ्या डॉक्टरापासून दूर.