लाळेतील रोगखुणा

सुपारी-गुटख्याच्या व्यसनाने ज्यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, असे रुग्ण आमच्या दंतविभागात नित्य येतात. तपासणीसाठी तुकडा काढावा लागेल म्हटले, की काहीजण पुन्हा फिरकतच नाहीत. म्हणून लाळेच्या तपासणीकडे आम्ही आस्थेने पाहतो. लाळेत ९९ टक्के पाणीच; पण उरलेल्या अंशात रोगाच्या खुणा उतरतात. हिरड्यांखालील ऊती झिजू लागल्या, की कोलॅजेन तोडणारे एमएमपी-८ हे विकर लाळेत वाढते. अमेरिकेत डॉ. डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००४ मध्ये मुखकर्करोगाच्या रुग्णांच्या लाळेत इंटरल्यूकिन-८ सह सात आरएनए-खुणा वाढलेल्या दाखविल्या. तथापि कर्करोगाचे निश्चित निदान आजही तुकडा तपासूनच होते. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसल्यास कुटुंबीयांनी रुग्णास अवश्य घेऊन यावे.