संघ आपला, बातमी आपली, पोलीसही आपले: काय करावे, काय टाळावे

पेनसिल्वेनियातले स्टेट कॉलेज हे जेमतेम 40,000 वस्तीचे गाव. पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा घरचा सामना असला की बीव्हर स्टेडियममध्ये लाखाहून अधिक माणसे बसतात. हॉटेलांचे दर, रस्त्यांची वाहतूक, पोलिसांच्या पाळ्या, सगळे त्या वेळापत्रकावर ठरते. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मुले महिन्याभरात निळा-पांढरा शर्ट घालून 'वी आर, पेन स्टेट' अशी आरोळी ठोकू लागतात. खुशाल ठोकावी. गावात राहायचे तर गावाचे व्हावे.

पण याच गावात सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की याने वर्षानुवर्षे लहान मुलांचे लैंगिक शोषण केले. 1998 मध्ये एका आईने विद्यापीठाच्या पोलिसांकडे तक्रार केली. तपास झाला, खटला भरला गेला नाही. 2001 मध्ये संघाबरोबर काम करणाऱ्या एका तरुणाने डोळ्यांनी पाहिलेला प्रकार मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांच्या कानावर घातला. पॅटर्नोंनी वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठांनी बालसंरक्षण यंत्रणेला कळवले नाही. 31 मार्च 2011 रोजी हॅरिसबर्गच्या 'द पेट्रियट-न्यूज'मध्ये सारा गॅनिम या तरुण बातमीदाराने ग्रँड ज्युरीची चौकशी चालू असल्याचे छापले. त्या बातमीची दखल फार थोड्यांनी घेतली. नोव्हेंबरमध्ये सँडस्कीला अटक झाली. जून 2012 मध्ये 48 पैकी 45 आरोप सिद्ध झाले आणि पुढे 30 ते 60 वर्षांची शिक्षा झाली.

बातमी, पोलीस आणि फुटबॉल यांविषयीची माझी मते या प्रकरणाने पक्की केली. ज्याचे संघावर प्रेम आहे, प्रश्न विचारण्याची पहिली जबाबदारी त्याचीच. ती कशी पार पाडावी, ते पुढे मांडले आहे.

बातमी: काय करावे

• स्थानिक वर्तमानपत्राची वर्गणी भरा. 2005 पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून अधिक वर्तमानपत्रे बंद पडली. गॅनिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2012 चे पुलित्झर मिळाले ते स्थानिक वार्तांकनासाठी. न्यायालयात रोज जाऊन बसणारा, जिल्ह्यातल्या माणसांना नावाने ओळखणारा बातमीदार गावात असतो म्हणून अशी बातमी बाहेर येते. त्याचा पगार वर्गणीतून निघतो.

• विद्यार्थ्यांचे वृत्तपत्र गांभीर्याने वाचा. जुलै 2023 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने संघातल्या छळाच्या तक्रारींवरून फुटबॉल प्रशिक्षकाला फक्त दोन आठवडे निलंबित केले होते. 'द डेली नॉर्थवेस्टर्न'च्या विद्यार्थी बातमीदारांनी तपशील छापले आणि दोनच दिवसांत विद्यापीठाने प्रशिक्षकाला काढले. पेन स्टेटमध्ये हे काम 'द डेली कॉलेजियन' करते.

• मूळ कागद वाचा. आरोपपत्र, निकालपत्र, जुलै 2012 चा लुई फ्री यांचा या प्रकरणावरचा चौकशी अहवाल, त्याला पॅटर्नो कुटुंबाने 2013 मध्ये दिलेले उत्तर, हे सगळे जाहीर आहे. दोन्ही बाजू वाचून बनवलेले मत चहाच्या टेबलावरही टिकते आणि जाहीर सभेतही.

• बैठकांना जाऊन बसा. गावाच्या कौन्सिलची आणि विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाची बैठक लोकांना खुली असते. पेनसिल्वेनियाच्या माहिती अधिकार कायद्यातून पेन स्टेटसारखी विद्यापीठे बऱ्याच अंशी वगळलेली आहेत. अर्ज करून कागद मिळत नाहीत, तिथे समोर उभे राहून विचारलेल्या प्रश्नाला फार किंमत असते.

बातमी: काय टाळावे

• बातमी देणाऱ्यावर राग काढू नका. 9 नोव्हेंबर 2011 च्या रात्री विश्वस्तांनी पॅटर्नोंना काढल्याचे कळताच हजारो विद्यार्थी रस्त्यावर आले. जमावाने टीव्ही वाहिनीची गाडी उलटवली, पोलिसांना मिरपूड फवारावी लागली. ती गाडी बातमी घेऊन आली होती. बातमी घडवणारे त्या गाडीत नव्हते.

• पीडितांची ओळख हुडकू नका, कुणी सांगितली तर पुढे पाठवू नका. त्या खटल्यात जी मुले मोठी होऊन साक्षीला उभी राहिली, त्यांनी गावाला शक्य होते त्याहून जास्त धैर्य दाखवले. त्यांच्याविषयी कुतूहल बाळगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

• 'आरोप आहे' आणि 'सिद्ध झाले' यांची गल्लत करू नका. अटकेच्या दिवशी पहिले शब्द वापरा, निकालाच्या दिवशी दुसरे. संघाच्या खेळाडूला एक न्याय आणि शेजारच्या गावातल्या मुलाला दुसरा, असे तर मुळीच नको.

• निव्वळ मथळा वाचून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. मराठी मंडळाच्या ग्रुपवर तर नकोच. तिथे आपल्या शब्दावर लोक चटकन विश्वास ठेवतात.

पोलीस: काय करावे

• आधी कोणते पोलीस ते विचारा. स्टेट कॉलेजमध्ये गावाचे पोलीस वेगळे, विद्यापीठाचे वेगळे, आसपासच्या टाउनशिपचे वेगळे, शिवाय राज्य पोलीस. तक्रार चुकीच्या दारात गेली की वेळ जातो. टीकाही चुकीच्या दारात गेली की वाया जाते.

• विद्यापीठ पोलिसांची रोजची नोंदवही वाचा. 1986 मध्ये पेनसिल्वेनियातल्याच लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा वसतिगृहाच्या खोलीत खून झाला. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि 1990 मध्ये क्लेरी कायदा आला. या कायद्यामुळे विद्यापीठाला गुन्ह्यांची नोंद जाहीर ठेवावी लागते. नोंद अगदी रुक्ष असते: काय घडले, कधी घडले, कधी कळवले, कुठे घडले, प्रकरण चालू की बंद. घडल्याची तारीख आणि कळवल्याची तारीख शेजारी ठेवून बघा. मध्ये महिने गेलेले असले, तर तिथे प्रश्न आहे. 2016 मध्ये पेन स्टेटला याच कायद्याखाली सुमारे 24 लाख डॉलरचा दंड झाला.

• जिवाचा प्रश्न असेल तर लगेच 911 ला फोन करा. फेब्रुवारी 2017 मध्ये इथल्या एका फ्रॅटर्निटीत दारू पाजलेला 19 वर्षांचा विद्यार्थी जिन्यावरून पडला. जवळजवळ बारा तास कुणी फोन केला नाही आणि त्याचा जीव गेला. 21 वर्षांखालच्या माणसाने दारू प्यायलेल्या मित्रासाठी मदत मागवली, स्वतःचे नाव सांगितले आणि मदत येईपर्यंत तो तिथेच थांबला, तर त्याच्यावर दारू प्यायल्याचा खटला होत नाही. आपल्या मुलांना अमेरिकेला पाठवताना हे आवर्जून सांगा.

• मनाच्या संकटात 988 हा फोन क्रमांक लक्षात ठेवा. मार्च 2019 मध्ये मानसिक तपासणीसाठी रुग्णालयात न्यायला आलेल्या पोलिसांच्या गोळीने या गावातला 29 वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण मेला. त्याच्या हातात सुरी होती. पोलिसांवर फौजदारी खटला झाला नाही. गावाने मात्र प्रश्न सोडला नाही आणि पोलिसांच्या कामावर देखरेखीसाठी नागरिकांचे मंडळ स्थापन झाले. माझ्या मते आजारी माणसाच्या दारात पहिला माणूस बंदूकधारी नसावा. 988 ही देशव्यापी सेवा जुलै 2022 मध्ये सुरू झाली ती अशाच गरजेतून.

• लहान मुलाच्या छळाची शंका आली तर थेट यंत्रणेला कळवा. शिक्षक, प्रशिक्षक, डॉक्टर यांच्यासाठी पेनसिल्वेनियाने 2014 मध्ये कायदा बदलला. आधी वरिष्ठाला सांगितले की काम भागत असे. आता ज्याला शंका आली त्यानेच राज्याच्या यंत्रणेला कळवायचे, वरिष्ठाला नंतर. 2001 मध्ये जी साखळी मधेच तुटली, ती कायद्याने जोडली.

पोलीस: काय टाळावे

• गाडी थांबवली तर खाली उतरू नका. आपल्याकडे हवालदाराने शिट्टी मारली की उतरून, कागद घेऊन त्याच्याकडे जातात. इथे त्याचा अर्थ धोका असा घेतला जातो. गाडी बाजूला घ्या, काच खाली करा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. लायसन्स काढण्यापूर्वी 'काढतो' असे सांगा.

• 'इथेच मिटवू' असा विषयही काढू नका. ती लाच होते आणि गुन्हा दाखल होतो. दंड भरा किंवा न्यायालयात दाद मागा. विद्यार्थी व्हिसावर असाल तर किरकोळ वाटणाऱ्या प्रकरणातही आधी वकिलाला विचारा. 2025 मध्ये अनेक परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी अशा प्रकरणांवरून अचानक रद्द झाल्या होत्या. न्यायालयात लढाई झाल्यावरच त्या पूर्ववत झाल्या.

• सार्वजनिक जागी पोलिसांच्या कामाचे चित्रीकरण करायला घाबरू नका, पण मध्ये पडू नका. पेनसिल्वेनिया ज्या संघीय अपील न्यायालयाच्या कक्षेत येते, त्याने 2017 मध्ये हा नागरिकांचा घटनात्मक हक्क असल्याचे म्हटले. अंतर राखा, मागे सरा म्हटले की सरा आणि चित्रीकरण चालू ठेवा.

• एका घटनेवरून सगळ्यांना देव किंवा दानव ठरवू नका. सामन्याच्या रात्री हरवलेले पोर आईच्या हाती देणारा पोलीस आणि तक्रार बासनात टाकणारे खाते, दोन्ही एकाच गावात असू शकतात. कौतुक माणसाचे करा, हिशेब खात्याकडे मागा.

फुटबॉल: काय करावे

• खेळ समजून घ्या. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे, गेलात तर पुन्हा चार प्रयत्न. एवढे कळले की पहिल्याच सामन्यात रंगत येते. रात्रीच्या 'व्हाइट आउट' सामन्याला सगळे स्टेडियम पांढऱ्या कपड्यांत उभे असते. तो आवाज छातीत घुमतो आणि त्यात सामील होण्यात काहीही गैर नाही.

• पैशाचा हिशेब विचारा. ऑक्टोबर 2025 मध्ये सलग तीन पराभवांनंतर प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांना हंगामाच्या मध्यातच काढण्यात आले. करार मधेच मोडला की प्रशिक्षकाला कोट्यवधी डॉलर देण्याची अट असते. खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाईची मुभा मात्र जुलै 2021 मध्ये मिळाली आणि विद्यापीठांनी त्यांना थेट पैसे द्यायला 2025 उजाडावे लागले. डोके आणि गुडघे पणाला लावणाऱ्या मुलांना वाटा मिळाला, हे माझ्या मते उशिरा झालेले पण योग्य काम आहे.

• संघावरचे प्रेम कृतीत दाखवा. 2011 मध्ये टीव्हीची गाडी उलटवल्याला दोन दिवस झाले आणि याच गावात, विद्यापीठाच्या ओल्ड मेन इमारतीसमोरच्या हिरवळीवर, हजारो विद्यार्थी मेणबत्त्या घेऊन पीडितांसाठी उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांनी पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गोळा करून दिली. 12 नोव्हेंबरच्या सामन्याआधी नेब्रास्का आणि पेन स्टेटचे खेळाडू मैदानाच्या मधोमध एकत्र गुडघे टेकून बसले. पेन स्टेट म्हटल्यावर ही माणसेही आठवावीत.

फुटबॉल: काय टाळावे

• प्रशिक्षकाचा देव करू नका. पॅटर्नोंनी 409 सामने जिंकले आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी मोठी देणगी दिली. त्यांच्याविषयी कृतज्ञता वाटणे रास्त आहे. पण गावाने एका माणसाला इतके उंच बसवले, की त्याच्या संघाविषयी काही वाईट बोलणेच अवघड होऊन बसले. जुलै 2012 मध्ये त्यांचा पुतळा हलवण्यात आला. माझे मत स्पष्ट आहे: ग्रंथालयावरचे त्यांचे नाव राहू द्यावे, पुतळा परत बसवू नये.

• मुलांच्या यातनांसमोर विजयांचा आकडा मांडू नका. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेने पेन स्टेटला 6 कोटी डॉलरचा दंड केला आणि पॅटर्नोंचे 111 विजय रद्द केले. 2015 मध्ये ते विजय परत मिळाले. मधल्या काळात गावात जेवढी चर्चा आकड्यांची झाली, त्याच्या निम्मी तरी पीडितांच्या उपचारांची व्हायला हवी होती.

• 'सगळीकडे असेच चालते' म्हणून विषय बंद करू नका. मिशिगन स्टेटमध्ये काम करणाऱ्या लॅरी नॅसर या डॉक्टरने केलेले लैंगिक शोषण 2016 मध्ये 'द इंडियानापोलिस स्टार'ने उघड केले. सगळीकडे चालते हे खरे असेल, तर सगळीकडे विचारले पाहिजे. सुरुवात आपल्या गावापासून करावी.

• एकोणीस वर्षांच्या खेळाडूला पास चुकला म्हणून शिव्या घालू नका. पेनसिल्वेनियात खेळांवर पैसे लावणे कायदेशीर झाल्यापासून हरलेल्या पैशांचा राग थेट मुलांच्या फोनवर जाऊन आदळतो. पैसे तुम्ही लावले, त्यात त्याचा दोष नाही.

शनिवारी सामन्याला जा आणि घसा बसेपर्यंत ओरडा. सोमवारी पोलिसांची नोंदवही उघडा, वर्तमानपत्र वाचा, शंका असेल तर विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हात वर करा. त्या बैठकीत कुणी तुम्हाला 'संघाचे वैरी' म्हणाले, तर शांतपणे सांगा की संघ माझाही आहे, म्हणूनच विचारतो आहे. आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.